दोन्ही हँडलं नवी

बॅगा दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात एक मशीन, एक स्टूल आणि तो स्वतः, एवढंच मावायचं. गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर उभं. बॅग शाळेची असो, डॉक्टरची असो नाहीतर गवंड्याच्या हत्यारांची, हातात आली की तो आधी ती आतून उलटी करायचा. माणसानं बॅग कशी वागवली ते आतूनच कळतं, असं त्याचं म्हणणं. आणि हँडल एक तुटलं तरी तो दोन्ही बदलायचा. एक नवं, एक जुनं ठेवलं की ओझं एका अंगाला जातं. कुणी हुज्जत घातली तर बॅग परत.

थोरली बहीण आली तेव्हा भाऊजींना जाऊन महिनाही झाला नव्हता. ते जन्मभर घरोघर फिरून मीटर वाचायचे. त्यांची कातडी बॅग तिनं भावाच्या मांडीवर ठेवली.

"एकच तुटलंय. तेवढंच लाव."

"ताई, आता मला शिकवतेस?"

"तुला कोण शिकवणार बाबा? चड्डीची नाडी मात्र माझ्याकडून बांधून घ्यायचास."

दोघं हसली. भाऊजी गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. त्याला हुरूप आला. कित्येक वर्षं जपून ठेवलेलं चामडं त्यानं काढलं, दोन्ही जुनी हँडलं कापून काढली, नवी बेतली, दुहेरी टाके घातले. कात्रण नेहमीसारखं कचऱ्याच्या गाडीत गेलं.

ती न्यायला आली. तिची बोटं हँडलाखाली गेली, मिटली आणि पुन्हा उघडली.

"जुनं कुठाय रे?"

"दोन्ही नवी लावलीत. आता बघायला नको."

"त्याच्यावर यांची बोटं उमटली होती. चार खळगे पडले होते. मी त्यात बोटं घालून बसायचे."

तो उठला. कात्रणाचं खोकं त्यानं रस्त्यावरच पालथं केलं. आजचे तुकडे तेवढे पडले.

"गाडी सकाळीच..." त्यानं रिकामं खोकं पुन्हा एकदा झटकलं.

"राहू दे. मन लावून केलंस तू," ती टाक्यांवरून अंगठा फिरवत म्हणाली. "शिलाई सुरेख आहे."

तिनं चार शब्द सुनावले असते तर तो सुटला असता.

तिनं बॅग उराशी घेतली, खालून दोन्ही हातांनी तोलली आणि गल्लीनं निघाली. नवी हँडलं तिच्या हनुवटीशी ताठ उभी होती. त्याला हाक मारावीशी वाटली, पण हाक मारून सांगणार काय?