ओट्यावरची फुली

कोणी अनोळखी माणूस आमच्या गल्लीत घरांकडे बघत उभा राहिला, की मला धास्ती वाटते. दोन वर्षांपूर्वी पालिकेचे असेच दोघे आले, टेप लावली, भिंतीवर लाल खूण केली आणि पंधरा दिवसांनी जेसीबीनं समोरच्या बाईचा ओटा तोडला. माझाही ओटा रस्त्यावर हातभर पुढं आलेला आहे. त्यावर बसून मी लोकांच्या गोधड्या शिवते. घरात गोधडी पसरायला जागा नाही. ओटा गेला तर काम गेलं.

म्हणून यंदा उन्हाळ्यात दोन मुली आणि एक मुलगा गल्लीत शिरले, तेव्हा माझी सुई थांबली. मुलगा मोबाईलवर एकेका घराचा फोटो काढत होता. एक मुलगी पावलं मोजत होती. दुसरीनं माझ्या ओट्याच्या कोपऱ्यावर खडूनं फुली मारली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला विचारता आलं नाही. परक्या माणसांपुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पदर पुढं ओढून खाली मान घालून बसले.

ते गेल्याबरोबर मी वितीनं ओटा मोजून ठेवला आणि ओल्या फडक्यानं फुली पुसली. मग वाटलं, फक्त माझीच पुसली तर माझ्यावरच आळ येईल. तेव्हा नळाजवळची, खांबाजवळची, दिसेल ती फुली पुसत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे परत आले आणि वाकून वाकून शोधू लागले.

"मावशी, इथल्या खुणा कोणी पुसल्या?" वहीवालीनं विचारलं.

"पावसानं," मी म्हणाले.

तिनं वर बघितलं. जालन्यात महिनाभर ढगसुद्धा आला नव्हता. समोरची बाई दारातून म्हणाली, "हिच्याच दारात पडला असंल. आमच्याकडं थेंब न्हाई."

मुलगी हसली. तिनं सांगितलं, ते तिघे कॉलेजात सिनेमाचं शिकतात, परीक्षेसाठी लहानसा सिनेमा करायचा आहे, त्यासाठी शहरात जागा बघत फिरतात. फुल्या कॅमेरा ठेवायच्या जागेच्या होत्या.

"तुमचा ओटा आम्हाला आवडलाय. फक्त या कागदावर सही करा."

सही म्हटल्यावर माझा होता नव्हता तो विश्वासही गेला. समोरच्या बाईनंही ओटा तुटायच्या आधी अशीच न वाचता सही केली होती. मी बोट ठेवून कागद वाचला. चौथीचं वाचन, वेळ लागला. 'सदर जागा वापरण्यास माझी हरकत नाही.' कशी वापरणार, ते कुठंच नव्हतं.

"मालक कारखान्यात गेलेत," मी म्हणाले. तरी ते हलेनात. मग माझ्याच तोंडून निघालं, "ह्याच्यात लिहा, ओटा ह्या बाईचा हाय. तोडायचा न्हाई. खाली तुम्ही तिघं सही करा, मंग मी करते."

"मावशी, आम्ही कशाला तोडू?"

"मंग लिहायला काय जातंय?"

मुलगा म्हणाला, "आमच्या सरांनीही इतक्या अटी घातल्या नाहीत." पण लिहिलं. मी त्याच मजकुराचा आणखी एक कागद करून घेतला, माझ्यासाठी.

शूटिंग एका सकाळी उरकलं. एक मुलगी माझ्या ओट्यावर बसून चिठ्ठी वाचत होती, एवढंच. ते गेल्यावर मी पुन्हा मोजलं. अकरा विती, चार बोटं. पहिल्याइतकंच.

कागद मी आमच्या स्वतःच्या गोधडीत, दोन थरांमध्ये घालून शिवून टाकला आहे. जेसीबी आलाच तर उसवून दाखवीन. मानतील का, ते माहीत नाही.