सारवण फोडून आलेली दोघं

प्राध्यापक नसीरसरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ काढला आहे. त्यात मोठमोठ्या पदव्यांची माणसं लिहिणार. मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे आणि नात उतरवून घेते आहे. तरी माझा हक्क पहिला, कारण सरांची नावाजलेली गांधीलमाशी माझ्या अंगणातली.

सर मला पहिल्यांदा दिसले ते ओणवे. हर्सूलच्या तळ्यापल्याड आमचं शेत आहे आणि घरापुढं टणक, उघडं अंगण. भर दुपारी चांगल्या कपड्यांतले एक गृहस्थ तिथं गुडघे टेकून जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, काहीतरी हरवलं. विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "नाय आक्का, सापडलं."

सापडली होती ती एकटी राहणारी गांधीलमाशी. एकटीच बीळ खणते, नाकतोडे धरून आत नेते, एकेकावर अंडं घालते आणि तोंड बुजवून निघून जाते. सासू नाही, जाऊ नाही. मला तिचा हेवाच वाटला. तिची भावकी राजस्थानच्या वाळवंटात राहते म्हणे. ही मात्र कुणाच्याच पुस्तकात नव्हती. सर शहरातल्या औरंगपुऱ्यातून स्कूटरवर दोन वर्षं येत राहिले.

अडलं ते एका गोष्टीवर. मादी काळी, लाल पोटाची. नर बारका, पिवळ्या पट्ट्यांचा. बाहेरगावच्या जाणकारांनी सरांचा लेख परत पाठवला. ही दोघं एकाच जातीची कशावरून, एका बिळातून निघालेली दाखवा, मगच नवी जात मानू, असं कळवलं. पुढच्या उन्हाळ्याअखेर सर निवृत्त होणार होते. मग कॉलेजातली खोली सुटणार, सूक्ष्मदर्शकही सुटणार. हातात एकच हंगाम होता. बुजलेली बिळं वरून ओळखू येत नाहीत, म्हणून सरांनी प्रत्येकापाशी रंगीत खडा ठेवला.

आणि दिवाळी आली. मी ते खडे पोरांचा खेळ समजून कुंपणाबाहेर फेकले आणि सगळं अंगण शेणानं झकास सारवून काढलं.

सर आले, गाडी लावली आणि उभेच राहिले. मला वाटलं, सारवण बघून खूश झाले. मग त्यांनी खड्यांचं विचारलं, तेव्हा मी कुंपणापल्याड बोट दाखवलं. रागावले असते तर मी उलटून बोलले असते, तशी सवय आहे मला. पण ते एवढंच म्हणाले, "हात दुखले असतील आक्का. अंगण लई मोठं हाय." आणि साखर न ढवळता चहा प्यायले.

ते मला सोसवेना. मी म्हटलं, "सर, खड्यानं काय कळणार व्हतं? बीळ कुठं हाय तेवढंच. माझ्या सारवणाचं तसं नाय. बाहेरून कुणी उकरलं तर भुगा पडतो. आतून कुणी आलं तर पोपडा वर येतो. बघताच सांगंन."

सरांनी कप खाली ठेवला. "म्हंजी आता पोपडा जिथं उचलंल..."

"तिथं आतलंच कुणी आलं."

सगळी थंडी मी खडे होते त्या तुकड्यावर शेळी फिरकू दिली नाही. उन्हं तापली तशी सरांनी वर मच्छरदाणी बांधून कडा दगडांनी दाबल्या. मच्छरदाणी माझीच, लेकीच्या बाळंतपणातली. शेजारणी विचारायच्या, आत कुणाला निजवलंय? निवृत्तीला आठवडा राहिला तरी आत काही हललं नाही. सर बोलायचे कमी आणि बघायचे जास्त.

मग एका सकाळी पोपडा उचलला. आधी पिवळ्या पट्ट्यांचा बारका वर आला आणि तोंड पुसत बसला. मी जागची हलले नाही. त्याच भोकातून लाल पोटाची निघाली. मी मच्छरदाणीत हात घालून चहाचा काचेचा ग्लास दोघांवर पालथा मारला आणि शेजारच्या फोनवरून सरांना बोलावलं.

सर हेल्मेटसकट मच्छरदाणीत शिरले. ग्लासापाशी ओणवे झाले. मग म्हणाले, "आक्का, मुबारक."

"मला कशाला? मी काय बाळंतीण हाय व्हय?"

सर हसले, आणि मग हेल्मेटमुळं त्यांना डोळे पुसता येईनात.

पुढच्या दोन दिवसांत आणखी निघाल्या. सरांनी लागतील तेवढ्याच ठेवल्या आणि बाकीच्या स्वतःच्या हातानं सोडल्या. वर्षभर ज्यांच्यासाठी जीव टांगला, त्यांना असं सोडून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लेख छापून आला, जात मान्य झाली. पुढं माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा औषधाच्या बाटल्या मला ओळखू याव्यात म्हणून सरांनी एकीवर सूर्य काढला, दुसरीवर चंद्र. चंद्र भाकरीसारखा झाला होता. मी तसं तोंडावर सांगितलं. पण औषध एकदाही चुकलं नाही.

ती दोघं आज कॉलेजच्या पेटीत टाचणीवर आहेत. खाली तांदळाएवढ्या अक्षरांची चिठ्ठी आहे: गाव हर्सूल, पकडणार कौसाबाई. सरांनी वाचून दाखवलं तेव्हा मी विश्वास ठेवला नाही. नंतर कॉलेजच्या शिपायाकडून वाचून घेतलं, एका विद्यार्थिनीकडून घेतलं, नातीकडून घेतलं. तिघांनी तेच वाचलं.

सर, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे तेवढे जपा. माझ्या अंगणात दर उन्हाळ्याला पोपडा उचलतो, आणि तो बघायला ओणवंच व्हावं लागतं.