न्हाणीघराच्या पडद्यातलं नाणं

माझा धाकटा भाऊ छापखान्यात मुद्रितशोधक होता. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घ्यायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, चुका काढणं थांबलं नाही. औषधाच्या बाटलीवरचा कागदही तो हातात पेन्सिल घेऊन वाचतो. अशा या डोळ्यांत तेल घालून जगणाऱ्या माणसाने स्वतःच्या नाण्यांकडे मात्र उभ्या जन्मात धड पाहिलं नव्हतं.

नाणी जमवायची त्याची रीत सोपी. एका सालचं एकच नाणं, त्यातलं सगळ्यात चकचकीत, ते अल्बममध्ये. बाकीची 'डबल' म्हणून बायकोच्या हवाली. माझी भावजय काही वाया घालवणाऱ्यातली नाही. वाऱ्याने पडदे उडू नयेत म्हणून तिने ती नाणी त्यांच्या खालच्या दुमडीत शिवून टाकली. तेव्हापासून त्या घरात पडदा हलत नाही. नवराही तिला विचारल्याशिवाय फारसा हलत नाही.

नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन रविवारी होतं. याचं टेबल दरवर्षी दाराशी, चपलांच्या शेजारी. यंदा चिटणीसांनी फोन करून सांगितलं, "तुमची नाणी लोकांच्या खिशातही असतात हो. काही वेगळं असेल तर आणा, नाहीतर यंदा नुसतं बघायला या." वर शिकवणीही दिली. एकाच सालची नाणी कधीकधी दोन साच्यांतून निघतात. अमक्या सालच्या नाण्यावर पानाचा देठ लांब असतो. आखूड निघाला तर ते दुर्मीळ.

भाऊ भिंग घेऊन बसला. अल्बममधला देठ चांगला लांबलचक! मग त्याला आठवलं, त्या सालची नाणी तर मूठभर होती. त्याने हळूच मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

मी गेले तेव्हा तो खिडकीखाली गुडघे टेकून पडद्याचा काठ चाचपत होता.

"काय रे, नाडी बघतोयस का त्याची?"

"ताई, देठ हाताला लागतोय का बघतोय. पण कापड जाड आहे गं."

"वन्सं, सकाळपासून हेच चाललंय," भावजय आतून म्हणाली. "उसवायचं नाव काढू नका म्हणावं. दुहेरी टाके घातलेत मी."

"अगं, एकच काठ..."

"उसवायला तुम्ही आणि शिवायला मी! 'ने, काही कामाची नाहीत' असं तुम्हीच म्हणाला होतात ना? तेव्हा कुठे होतं भिंग?"

असल्या वाटाघाटी मला सोसत नाहीत. मी सरळ कात्री मागितली. भावजयीने दिली, पण अटींवर. उसवेल त्यानेच शिवायचं, आणि जेवढी नाणी निघतील तेवढी परत आत जायला हवीत. भाऊ कबूल झाला. त्या घटकेला त्याने घर लिहून दिलं असतं.

दिवाणखान्यात सगळे देठ लांब. झोपायच्या खोलीतही लांब. शेवटी न्हाणीघराच्या इवल्याशा पडद्यातून एक काळंठिक्कर नाणं निघालं. भाऊ बराच वेळ भिंगावरून उठेना.

"ताई, तू बघ. माझे डोळे आता मला हवं तेच दाखवतायत."

मी पाहिलं. आखूड! काखेतला कळसा न्हाणीघरात निघाला.

"शी, किती काळं झालंय!" भावजय भांड्यांची पावडर घेऊन आली. "आणा, घासून देते."

"हात लावू नकोस!" भाऊ ओरडला. घासलेल्या नाण्याला मंडळात कोणी विचारत नाही. पण लग्नानंतर त्याचा एवढा मोठा आवाज आम्ही दोघींनी पहिल्यांदाच ऐकला. भावजयीने पावडर खाली ठेवली.

अट मात्र सोडली नाही. "माझ्या पडद्यात एक कमी पडलं."

एका सालचं एकच नाणं, तेव्हा आता 'डबल' कोणतं ते उघडच होतं. भावाने अल्बम उघडला आणि त्याच सालचं ते चकचकीत नाणं बाहेर काढलं. इतकी वर्षं त्याने ते कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

"हे किती सुंदर आहे गं."

"असू दे. आत अंधारच आहे."

त्याने ते शिवलं. भावजय नाकावर चष्मा चढवून टाका न् टाका तपासत होती. "हा वाकडा. हा सुटलाय. हा पुन्हा घाला." मुद्रितशोधकाला मुद्रितशोधक भेटला.

रविवारी टेबल चपलांशेजारीच होतं, पण चपला घालून निघालेले लोकही परत वळून त्यावर वाकत होते. चिटणीस स्वतःचं भिंग घेऊन आले. देठ पाहिला, पुन्हा पाहिला.

"कुठून मिळवलंत?"

भावाने छाती पुढे काढली. "माझ्या संग्रहातच होतं."

"न्हाणीघरात होतं," भावजय म्हणाली.