दातांच्या डॉक्टरांची डुलणारी गाडी

अगं पोरी, इकडे सरक जरा. कागदावरूनच कान धरते तुझा. एस.टी.त उलटी होते, लोक बघतात, म्हणून सोलापूरला यायचं टाळतेस होय? हे काय कारण झालं? बस आता, आणि आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांचं ऐक. तुम्ही बाकीच्यांनीही ऐका. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल.

"शी, घाण." हे त्यांचं पालुपद. म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं अशी झटकायचे, की बघणाऱ्याला वाटावं काहीतरी चिकटलंय. नळाखाली शेवाळ दिसलं, शी घाण. चहाच्या कपाला ओघळ आला, शी घाण. इतकी किळस येणाऱ्या माणसानं दातांचा डॉक्टर तरी का व्हावं?

"दिवसभर लोकांच्या तंबाखूच्या तोंडात वाकायचं, वहिनी, आणि संध्याकाळी त्याच तोंडांनी रंगवलेल्या भिंतींजवळून घरी यायचं."

खोटं काय होतं त्यात? गल्लीच्या तोंडाशी उघडं गटार, जिन्याच्या कोपऱ्यात पानाचे लाल फराटे. मलासुद्धा जेवण जायचं नाही कधीकधी. म्हणून आमचं जमायचं.

एकाच गोष्टीची त्यांना किळस नव्हती. त्यांची दोन माणसांची, ठेंगणी, कापडी टपाची स्पोर्ट्स गाडी. कुठल्याशा संस्थानिकाकडून आलेली. सत्तर-बहात्तर साल असेल, तेव्हाच ती म्हातारी झालेली. मी शिवणकाम करायची. तिचा टप मीच शिवला. कापडाला शिवण्याआधी डॉक्टरांनी मला हात धुवायला लावले, आणि ते पटेना म्हणून परत धुवायला लावले.

घरात ते आणि त्यांची आई. म्हातारीचा मणका खचलेला. तिची धाकटी बहीण मंगळवेढ्याला अंथरुणाला खिळलेली. म्हातारीचं एकच म्हणणं, "येकदा शेवंतीला बघते की रे. मग कुटं न्हाय म्हनत."

एस.टी.च्या बाकड्यावर तो मणका टिकला नसता. राहिली ही गाडी. पण तिचे शॉकअप गेलेले. खड्ड्याचा धक्का सोसतात ना, ते. मिस्त्रीनं मडगार्ड दाबून सोडलं की गाडी आपली नाचतच राहायची. गळालेलं काळं तेल डॉक्टरांच्या बोटाला लागलं, तेव्हा ते काय म्हणाले ते सांगायला नको.

परदेशी माल मिळायचा नाही तेव्हा. मुंबईच्या जुन्या बाजारातून दोन तऱ्हेचे शॉकअप आले. एक शर्यतीच्या गाडीचे, कडक. दुसरे कुठल्या तरी मोठ्या साहेबी गाडीचे, मऊ. मधलं काही नाहीच.

डॉक्टरांचा एक मित्र होता, कापडाचा व्यापारी. तो पान चघळत म्हणाला, "कडकच टाक. मऊ टाकलेस तर गाडीची म्हैस होईल." आणि आमच्या दारात पचकन थुंकला. शर्यत कुठं लावायची होती, आमच्या सात रस्ता चौकातल्या खड्ड्यांत? मला त्या थुंकीपेक्षा त्या सल्ल्याची शिसारी आली. पण डॉक्टरांना पटलं.

कडक बसवले. आईला घेऊन सात रस्त्यापर्यंत फेरी मारून आले. चेहरा नुसता फुललेला. वळणावर गाडी तसूभर कलली नाही म्हणे.

"कशी वाटली, आई?"

"ब्येस हाय की."

उतरवायला मी हात धरला तर गार पडलेला. आणि पदराला भोक. धक्के सोसताना म्हातारीनं पदर दातांखाली धरला होता. लेकानंच करून दिलेल्या कवळीनं तो फाटला होता. मी ते टोक डॉक्टरांपुढं धरलं. "बघा, कवळी छान बसलीय तुमची." दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे परत गेली.

आता मऊ. गाडी पाळण्यासारखी डुलत गेली. पाठीला काही झालं नाही. पण गल्लीच्या तोंडाशी येताच म्हातारीला भडभडून उलटी झाली. सीटवर, गिअरवर, डॉक्टरांच्या पांढऱ्या पँटवर. सगळी गल्ली बाहेर आली. मदतीला नाही, हा माणूस आता काय करतो ते बघायला. त्या तोंडांचीच मला जास्त किळस आली.

म्हातारी निसटलेली कवळी मुठीत धरून पोरीसारखी बसलेली. "ऱ्हाऊ दे बाळा. न्हाय जायचं मला. तुजी गाडी घान झाली."

"शी," डॉक्टर म्हणाले. पुढचा शब्द आला नाही. नळावर गेले, आणि तिथं ते स्वतःच ओकले. मग तोंड धुऊन परत आले, आईच्या मुठीतून उघड्या हातानं कवळी घेतली, धुतली, तिच्या तोंडात बसवली. आणि मला म्हणाले, "वहिनी, काढून धुता येतील अशी कव्हरं शिवा. दोन. एक जाताना, एक येताना."

मित्र आलाच. "म्हणजे म्हैसच ठेवणार?"

"म्हैसच. आणि तू थुंकायला लांब जात जा."

बैलगाडीच्या चालीनं गेले मंगळवेढ्याला. बहिणी दिवसभर हातात हात घेऊन बसल्या, माहेरच्या कुठल्याशा पाटल्यांवरून भांडल्यासुद्धा. म्हातारीनंच सांगितलं मला, हसत. कव्हरं डॉक्टरांनी घडी घालून परत आणली. "मीच धुतली," म्हणाले, आणि दोन बोटं झटकली.

म्हातारी पुढच्या वर्षी गेली. मिस्त्री म्हणाला, आता कडक टाकू. "राहू दे." सात रस्त्यावर एकटेच डुलत जायचे, लोक हसायचे. आता तेही नाहीत. गाडी कुणी नेली, ठाऊक नाही.

एक कव्हर माझ्याकडे आहे. शिलाई मशीनवर घालते. धुऊन धुऊन पार मऊ झालंय.

तर पोरी, ये लवकर. वाटेत उलटी झाली तर होऊ दे. मी स्टँडवर पाण्याची कळशी आणि टॉवेल घेऊन उभी राहते. बघणाऱ्यांकडे मी बघून घेईन.