पिंपाशेजारचं दही

सिंगापूरच्या फ्लॅटवर मी केलेली बिअर तिसऱ्यांदा आंबट झाली. जुरोंग आयलंडवरच्या रसायन कारखान्यांत टाक्या आणि पाइप धुऊन घेण्याचंच माझं काम, त्यामुळे माझी सफाई कमी पडली हे मला पटेना. बाटल्या उकळल्या, नळ्या बदलल्या, पिंपाचा नळ सुटा करून जंतुनाशकात बुडवला. तरी आंबटच.

ऑफिसातला मित्र एकदा घरी आला. ओट्यावर पिंपाला लागूनच दह्याचं भांडं होतं.

"विरजणाचे जंतू लागतात रे बिअरला. डावही एकच वापरत असशील. दही लावणं बंद कर."

बायको वारली तेव्हा तिने लावलेलं दही फ्रीजमध्ये होतं. त्याचंच विरजण मी पुढे चालू ठेवलंय. मी दही खात नाही.

पिंप मी मित्राला देऊन टाकलं.