बायकोचे पाय धुणारा

साल अठ्ठ्याण्णव असावं. नारायणगावच्या एसटी स्टँडवर मी खोडदच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक नवराबायको होते. बाईचे पाय इतके सुजले होते, की चपला पिशवीत ठेवल्या होत्या आणि अनवाणी पायांना चिखल लागला होता. नवऱ्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस होता. तो सारखा उठून चौकशीच्या खिडकीशी जाई, पुण्याची गाडी विचारी आणि परत येई.

एकदा येताना त्याने नळावरून तांब्या भरून आणला. कमरेला टॉवेल गुंडाळून तो खाली बसला आणि बायकोचे पाय धुऊ लागला.

"अवो, लोकं बघत्यात," ती पाय ओढत म्हणाली.

"पावणं, बाप्या माणूस तुमी, आन् बायकोचं पाय धरता?" मागून एकजण हसला. मीही हसलो.

त्याने बोटांमधला चिखल काढला, टॉवेलने पाय टिपले, मग वर बघितलं. "आमच्या येशूनं शिष्यांचं पाय धुतलं व्हतं. त्यो बाप्या न्हवता का?"

तेवढ्यात खोडदची गाडी लागली आणि मी उठलो.

संध्याकाळी माझी बायको कांद्याच्या लागणीवरून आली. रोजच्यासारखं तिने आधी मला पाय धुवायला पाणी दिलं. तिच्या टाचांतून रक्त येत होतं. "तू बस," म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या भावाकडे लक्ष गेलं. मी माझेच पाय धुऊन आत गेलो, पण बसवेना. खिडकीतून बघितलं, तर भिंतीला हात टेकून, एका पायावर उभी राहून ती आपली टाच धूत होती.