शिनोलीजवळ फुटलेलं चाक

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर पुष्कळ गोष्टी विसरलो, पण शिनोलीजवळचा तो अपघात अजून डोळ्यांसमोर आहे. राजुरीच्या एका बागायतदार नवरा-बायकोनं हौसेनं मोटरहोम बांधून घेतलं होतं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. भीमाशंकरहून परतताना ते रस्त्याकडेच्या चारीत उलटलं. बाईंचा हात मोडला. आमच्या हवालदारानं नवऱ्यावर भरधाव वेगाचा गुन्हा नोंदवायची तयारी केली होती.

दवाखान्यात जबाब देताना बाई कळवळून म्हणाल्या, "साहेब, गाडी लई हळू व्हती. आधी चाक मोडलं, मग आमी चारीत गेलो. ह्यांच्यावर केस नका करू."

मी पुन्हा घटनास्थळी गेलो. चकचकीत ॲल्युमिनियमचं चाक मधोमध फुटलं होतं. भेगेच्या कडेला जुनं वेल्डिंग, त्यावर ताजा रंग. चाक किती वजन पेलतं, त्याचा ठसा घासून काढलेला. पंचनामा करून चाक सील केलं. नवऱ्यानं सांगितलं, ही चाकं टेंपोतून माल विकणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतली होती. त्याचा फोन बंद, नाव खोटं.

चौकशीची कुणकुण लागताच जुन्नरचे एक टायरवाले चाचा स्वतः ठाण्यात आले. "साहेब, तसलीच चाकं घेऊन एक जण माझ्याकडं आला व्हता. ठसा नाय, म्हणून मी घेतली न्हाई. पारगावकडं त्याचं शेड हाय."

एका शिपायाला गिऱ्हाईक म्हणून पाठवलं आणि मागोमाग छापा घातला. शेडमध्ये तडकलेल्या चाकांचा ढीग, वेल्डिंग मशीन, रंगाचे डबे. ठाण्यात आणल्यावरही आरोपी मात्र ठाम होता. "माल नवाच हाय, साहेब. गाडीवाल्यानंच आपटलं आसंल."

मी खिडकीतून त्याच्याच जप्त जीपकडे बोट दाखवलं. "मग तुझ्या गाडीला लोखंडी चाकं का?"

आवाज न चढवता मी विचारलं, "आणखी कुणाला दिलीस?"

मान खाली घालून तो म्हणाला, "आज सकाळीच एका मोटरहोमला बसवली. लेकरं घिऊन घाटाकडं निघालेत."

वायरलेसवर गाडीचं वर्णन दिलं, नाकाबंदी लावली. घाट चढण्याआधीच गाडी सापडली. मालक चिडून उतरला. "राव, कागदं समदी हायेत, कशाला आडवता?"

मेकॅनिकनं चाक काढून त्याच्यासमोर धरलं. आतल्या बाजूनं, नटांच्या भोकांजवळ तडा गेला होता. मालकानं त्यावर बोट फिरवलं आणि धाकट्या मुलीला उचलून छातीशी धरलं. नोकरीत इतका आनंद मला क्वचितच झाला.

राजुरीच्या बागायतदारावर गुन्हा नोंदवला नाही; आरोपीला शिक्षा झाली. राजुरीच्या जोडप्यानं टाकी भरून, सामानासकट मोटरहोम वजनकाट्यावर नेलं, त्या वजनाला पुरतील अशी ठसा असलेली चाकं पक्क्या बिलावर घेतली आणि ते पुन्हा प्रवासाला निघालं.

मोठ्या गाडीची चाकं निवडताना चकाकी पाहू नका, वजनाचा ठसा पाहा, एवढं तर मी आता सगळ्यांना सांगतोच. पण पोलीस म्हणून मी वेगळं शिकलो. अपघात झाला की चूक चालवणाऱ्याचीच, असं धरून आपण कागद पुरे करतो. त्या दिवशी दवाखान्यातल्या बाईंचं बोलणं खरं मानून तपासलं, म्हणून ती मुलं रात्री आपल्या घरी जेवली.